कमांड लाइनवर काम ‘सुरू’ केल्याची नोंद नेमकी केव्हा करावी?

आडवाट यांचा प्रश्न

नमस्कार. कोल्हापुरात पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चार जणांच्या गटात मी काम करतो. आमचे सामायिक इश्यू, म्हणजे तक्रारींच्या व कामांच्या नोंदी, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर असतात, पण स्वतःच्या कामांची नोंद ठेवण्यासाठी गेल्या तीन महिन्यांपासून मी टास्कवॉरियर हे टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, चालणारे साधन वापरतो आहे. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीतच टंकायच्या असतात.) ‘टास्क ॲड’ने काम नोंदवणे आणि ‘टास्क डन’ने ते संपवणे हे दोन्ही हातात बसले आहे. अडचण या दोहोंच्या मधल्या ‘टास्क स्टार्ट’ या पायरीची आहे, आणि तीही अशी की तिच्यामुळे एका महिन्यात माझे तीन घोळ झाले.

पहिला घोळ असा. लीप वर्षात मुदत ठेवीचे व्याज चुकते अशी तक्रार आली होती. सोमवारी सकाळी मी ‘टास्क १२ स्टार्ट’ असे टंकून काम हाती घेतले, दोन दिवस फक्त जुना कोड वाचला, आणि बुधवारी असे लक्षात आले की माझ्या सहकाऱ्याने त्याच फंक्शनमधली पैशांच्या पूर्णांकनाची चूक दुरुस्त करून आपली ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) गिटहबवर चढवलेलीही आहे. आम्ही दोघे एकाच जागी काम करीत होतो आणि ते दोघांनाही ठाऊक नव्हते. दुसरा घोळ असा की ‘टास्क ॲक्टिव्ह’ पाहिले तर पाच कामे एकाच वेळी चालू असल्याचे दिसते, पण टाइमवॉरियर या वेळ मोजणाऱ्या जोडसाधनाच्या सारांशात मात्र त्यांतल्या एकाच कामाची वेळ पुढे सरकत असते. तिसरा घोळ मला सर्वांत जास्त लागला. यादीत पाहून मी सातव्या क्रमांकाचे काम संपल्याची नोंद केली आणि प्रत्यक्षात भलतेच काम बंद झाले; ते चार दिवस कोणाच्या दृष्टीसही पडले नाही.

म्हणून विचारतो: एखादे काम उचलल्यापासून कोडची पहिली ओळ लिहीपर्यंत तुम्ही कोणत्या गोष्टी, कोणत्या क्रमाने करता? आणि ‘स्टार्ट’ नेमके कधी टंकावे: वाचायला बसताना, ब्रँच काढताना, की पहिला बदल करताना? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील.

पाणवठा यांचा प्रतिसाद

तुमचे दुसरे आणि तिसरे घोळ एकाच कारणाने झालेले आहेत: ही आज्ञा आत नेमके काय करते, ते कोणी तुम्हाला सांगितलेले नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

‘टास्क स्टार्ट’ने कामाची स्थिती बदलत नाही. काम आधीही ‘पेंडिंग’ असते आणि नंतरही ‘पेंडिंग’च राहते. बदल एवढाच होतो की त्या नोंदीत ‘स्टार्ट’ नावाचा एक रकाना भरला जातो आणि त्यात त्या क्षणाची तारीख व वेळ बसते. ‘टास्क स्टॉप’ केले की तो रकाना पुसला जातो. हा रकाना भरलेली कामे ‘ॲक्टिव्ह’ यादीत दिसतात. याचा अर्थ, एक काम सुरू केल्यावर आधीचे आपोआप थांबत नाही. पाच कामांचे रकाने भरले तर पाचही कामे चालू दिसणार. टाइमवॉरियरचा स्वभाव मात्र वेगळा आहे. त्यात एका वेळी एकच कालखंड उघडा राहतो आणि नवा सुरू केला की जुना तिथेच बंद होतो. त्यामुळे हुकच्या (आपोआप चालणाऱ्या छोट्या जोड-प्रोग्रामच्या) साहाय्याने ही दोन साधने जोडली असतील, तर एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला एक असे चित्र दिसणारच. तुमच्या यंत्रात काही बिघाड नाही. पहिले काम न थांबवता दुसरे सुरू करण्याची सवय तेवढी मोडायला हवी. आज आहेत ती सगळी कामे एकदम थांबवायची असतील तर ‘टास्क +ॲक्टिव्ह स्टॉप’ एवढे पुरते. त्यातला अधिक चिन्हानंतरचा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा लागतो.

सुरू केलेल्या कामाची निकड, म्हणजे यादीतला क्रम ठरवणारे गुण, ४.० ने वाढते, हेही ध्यानात ठेवा. मूळ मांडणीत मध्यम प्राधान्याला ३.९ आणि उच्च प्राधान्याला ६.० गुण असतात. म्हणजे हातातले काम मध्यम प्राधान्याच्या कामाच्या किंचित वर येते, पण न उचललेले उच्च प्राधान्याचे काम त्याच्याही वर राहू शकते. ‘टास्क नेक्स्ट’च्या माथ्यावर जे दिसते तेच आपण करीत आहोत असे समजू नये. विसरून चालू राहिलेली चार कामे मात्र ही यादी नक्कीच बिघडवतात, कारण प्रत्येकाला ते चार गुण फुकट मिळत राहतात.

आता क्रमांकाविषयी. यादीत दिसणारा ७ हा त्या कामाचा कायमचा क्रमांक नव्हे. कामे संपत जातात तशी टास्कवॉरियर उरलेल्या कामांना नव्याने क्रमांक देते, आणि हे आपण एखादी यादी पाहतो तेव्हा घडते. तुमच्या एका खिडकीत सकाळची यादी उघडी असेल, दुसऱ्या खिडकीत तुम्ही दोन कामे संपवून पुन्हा यादी पाहिली असेल, आणि मग पहिल्या खिडकीतला ७ वाचून आज्ञा दिली असेल, तर जे झाले ते होणे अटळ होते. प्रत्येक कामाला एक लांबलचक कायमची ओळखही असते, तिला यूयूआयडी म्हणतात. तिची पहिली आठ अक्षरे आज्ञेत क्रमांकाच्या जागी चालतात. काम हाती घेताना ती आठ अक्षरे टिपून ठेवावीत आणि त्यानंतर त्या कामाविषयी जे काही करायचे ते त्यांच्याच आधाराने करावे. चूक लगेच लक्षात आली तर ‘टास्क अनडू’ने मागे फिरता येते, चार दिवसांनी लक्षात आली तर ती ओळख देऊन स्थिती पुन्हा ‘पेंडिंग’ करता येते. त्यामुळे तुमचे ते काम हरवलेले नाही.

माझा स्वतःचा क्रम मी शेलच्या (टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) एका छोट्या फंक्शनमध्ये बांधून ठेवला आहे. ते प्रथम चालू कामे मोजते, आणि एकही चालू असेल तर त्याचे नाव दाखवून तिथेच थांबते. मग गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या कार्यफोल्डरमध्ये कमिट न केलेले, म्हणजे कायमचे न नोंदवलेले, बदल नाहीत ना, हे पाहते. ही तपासणी आवश्यक आहे, कारण ‘गिट स्विच’ने नवी ब्रँच काढताना अडथळा नसेल तर अर्धवट बदल गुपचूप नव्या ब्रँचवर येतात आणि दोन कामांची सरमिसळ होते. त्यानंतर ‘गिट फेच’ने सर्व्हरवरचे नवे बदल आणून मुख्य ब्रँचच्या ताज्या प्रतीवरून नवी ब्रँच काढली जाते. ती काढताना ‘नो-ट्रॅक’ हा पर्याय देतो, अन्यथा नवी ब्रँच सर्व्हरवरच्या मुख्य ब्रँचलाच आपली जोडीदार ब्रँच मानते आणि पुढे बदल चढवताना गिट तक्रार करते. या सगळ्या पायऱ्या यशस्वी झाल्या तरच शेवटी ‘टास्क स्टार्ट’ चालते. हा क्रम मी जाणीवपूर्वक ठेवला आहे: ब्रँच निघाली नाही तर काम सुरू झाल्याची खोटी नोंद मागे राहत नाही.

उंबरठा यांचा प्रतिसाद

पाणवठा यांचे विवेचन अचूक आहे, पण आडवाट यांचा पहिला घोळ त्याने सुटणार नाही. तो घोळच मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात दोन माणसांचे दोन दिवस गेले.

टास्कवॉरियर ही खासगी वही आहे. तिच्यात तुम्ही काम सुरू केल्याचे तुमच्या संगणकाबाहेर कोणालाही कळत नाही. गिटहबवरचे इश्यू आपोआप वहीत यावेत म्हणून अनेक जण बगवॉरियर जोडतात. पण ते ओझे एकाच दिशेने वाहते. तिकडचे इश्यू इकडे येतात, इकडची सुरुवात तिकडे जात नाही. तेव्हा खासगी वहीत नोंद करण्याआधी सार्वजनिक नोंद व्हायला हवी, आणि त्यासाठीही टर्मिनल सोडण्याची गरज नाही.

गिटहबचे ‘जीएच’ हे साधन वापरत असाल तर क्रम असा ठेवता येईल. आधी ‘जीएच इश्यू व्ह्यू १४७’ला ‘कॉमेंट्स’ हा पर्याय जोडून पूर्ण चर्चा वाचावी. काम कोणाच्या नावावर आहे, ते तिथेच दिसते. कोणाच्याच नावावर नसेल तर ‘जीएच इश्यू एडिट’मधून ते आपल्या नावावर घ्यावे, तिथे स्वतःचे नाव टंकण्याऐवजी ‘@मी’ लिहिले तरी चालते, आणि उच्चार व अर्थ या दोन्ही दृष्टींनी हा एक शब्द तरी आपल्याला परका वाटत नाही. मग ‘जीएच इश्यू डेव्हलप १४७’ला ‘चेकआउट’ हा पर्याय दिला की त्या इश्यूला जोडलेली ब्रँच सर्व्हरवरच तयार होते आणि तुमच्या संगणकावर उघडते. इश्यूच्या पानावर ती ब्रँच दिसू लागते, म्हणजे कोणी तरी हात घातला आहे हे सहकाऱ्यांना न विचारता कळते. पाणवठा यांच्या फंक्शनमधल्या ब्रँच काढण्याच्या पायरीच्या जागी हीच आज्ञा बसवावी, असे मी सुचवेन.

यात एक सावधगिरी आहे. नावावर काम घेणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. एका इश्यूवर एकाहून अधिक नावे बसू शकतात आणि साधन त्याला हरकत घेत नाही. शिवाय तुमच्या बाबतीत इश्यू दोन होते आणि फंक्शन एक होते, त्यामुळे नुसते नाव पाहून टक्कर कळलीच नसती. म्हणून इश्यूवर एक वाक्य अवश्य लिहावे: ‘व्याजाच्या दिवसांचा भाजक ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये मी बदल करीत आहे.’ फंक्शनचे वा फाइलचे नाव त्यात असावेच. चार जणांच्या गटात हे वाक्य वाचणारे तिघेच असतात, पण त्यांतला एक जण ‘थांब, तिथे मीही आहे’ असे म्हणतो. आमच्या गटात ही प्रथा सुरू झाल्यापासून अशी टक्कर झाली तरी ती पहिल्या तासातच उघड होते.

सर्व काही एकाच ठिकाणी असावे असे वाटत असेल तर गिट-बग नावाचे साधनही पाहा. ते इश्यू गिटच्या भांडारातच साठवते आणि कोडप्रमाणेच त्यांची देवाणघेवाण करते, त्यामुळे इंटरनेट नसतानाही काम करता येते. तथापि, संपूर्ण गटाने ते स्वीकारायला हवे. एकट्याने वापरले तर तेही खासगी वहीसारखेच होऊन बसेल.

सांजवात यांचा प्रतिसाद

मला वाटते, वरील दोन्ही उत्तरांत काम कसे सुरू करावे ते आले, पण कोणते काम सुरू करावे हे राहिले. आडवाट, तुम्ही दोन दिवस कोड वाचला आणि एकही ओळ लिहिली नाही, हे तुम्ही चूक म्हणून सांगितले आहे. मला ती चूक वाटत नाही. तुम्ही वेगळ्याच कामात होता, आणि त्या कामाची नोंद तुमच्या वहीत नव्हती, एवढेच त्यात उणे आहे.

तुमचेच उदाहरण घेऊन पाहू. समजा, एक लाख रुपयांची ठेव आहे, दर साल दर शेकडा ८ आहे, व्याज सरळ आहे, आणि मुदत १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ अशी दोन्ही दिवस धरून आहे. या मुदतीत २९ फेब्रुवारी येतो, म्हणून दिवस ३६६ होतात. भाजक ३६५ ठेवला तर व्याज ८,०२१ रुपये ९२ पैसे येते. भाजक ३६६ ठेवला तर नेमके ८,००० रुपये येते. यांतले चूक कोणते? कोड वाचून याचे उत्तर कधीच मिळणार नाही. ते त्या पतसंस्थेच्या ठेवीच्या नियमांत आहे, आणि ते विचारायला हिशेबनिसांकडे जावे लागेल. म्हणजे ‘लीप वर्षातील व्याज दुरुस्त करणे’ हे काम सोमवारी सकाळी सुरू करण्याजोगे नव्हतेच.

अशा वेळी मी दोन नोंदी करते. पहिली: ‘व्याजासाठी वर्षाचे दिवस किती धरायचे, हे संस्थेकडून लेखी घेणे.’ दुसरी: ‘व्याजाची दुरुस्ती.’ दुसऱ्या नोंदीला ‘डिपेन्ड्स’ लावून ती पहिलीवर अवलंबून ठेवते. असे केले की दुसरे काम अडलेले मानले जाते, त्याची निकड ५ गुणांनी उतरते, पहिल्याची ८ गुणांनी चढते, आणि ‘टास्क रेडी’ या यादीत दुसरे काम दिसेनासे होते. मी सकाळी नेहमी हीच यादी उघडते, कारण तिच्यात आज खरोखर हात घालता येईल तेवढेच असते. संस्थेला पत्र पाठवून झाले आणि उत्तर चार दिवसांनी येणार असेल, तर पहिल्या नोंदीला ‘वेट’ लावून तीही तोपर्यंत नजरेआड करते.

तेव्हा ‘स्टार्ट’ कधी टंकावे, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: वाचायला बसतानाच टंकावे, पण ते वाचनाच्या नोंदीवर टंकावे. दुरुस्तीच्या नोंदीवर ते तेव्हाच टंकावे, जेव्हा तुम्हाला पहिले पाऊल एका वाक्यात लिहिता येते. मी ते वाक्य ‘टास्क ॲनोटेट’ने त्याच नोंदीला जोडते. ‘व्याज बघणे’ असे लिहून भागत नाही. ‘१ एप्रिल २०२३ ची ठेव घेऊन ८,००० रुपयांची अपेक्षा ठेवणारी टेस्ट लिहिणे, ती आता नापास झाली पाहिजे’ असे लिहावे लागते (टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम). हे वाक्य सुचत नसेल तर काम अजून कळलेले नाही असे मी मानते आणि परत वाचायला जाते.

आणखी एक गोष्ट, जी कोणी करीत नाही आणि जिच्यावाचून मी स्वतः पूर्वी बरेच तास घालवले आहेत. नवी ब्रँच काढल्यावर, एकही अक्षर बदलण्याआधी, सगळ्या टेस्ट एकदा चालवाव्यात आणि निकाल नोंदीत टिपावा. दोन टेस्ट आधीपासूनच नापास असतील तर ते तेव्हाच कळते. नाहीतर संध्याकाळी आपल्याच बदलाने त्या मोडल्या असे समजून आपण भलतीकडे शोधत बसतो.

नापास होणारी ती पहिली टेस्ट हाच माझा पहिला कमिट असतो. तो चढवून लगेच मसुदा पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य ब्रँचमध्ये घेण्याची कच्ची विनंती) उघडते, त्यामुळे उंबरठा यांनी सांगितलेले सार्वजनिक वाक्य कोडच्या रूपातही सर्वांसमोर जाते.

आडवाट यांचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी पाचही चालू कामे थांबवली. चुकून बंद झालेले काम यूयूआयडी शोधून पुन्हा उघडले. ते ठेव-पावतीवरच्या तारखेचे होते आणि सुदैवाने अजून मुदतीत आहे.

आज सकाळी व्याजाच्या कामाच्या दोन नोंदी केल्या. हिशेबनिसांना फोन केला तेव्हा असे कळले की आमच्या दोन ग्राहक संस्थांचे नियमच वेगवेगळे आहेत: एक ३६५ धरते आणि दुसरी त्या वर्षाचे प्रत्यक्ष दिवस धरते. म्हणजे भाजक हा कोडमध्ये कोरण्याचा आकडा नसून संस्थेगणिक ठेवण्याची मांडणी आहे. मी सोमवारी जे फंक्शन बदलायला निघालो होतो, तो बदल एका संस्थेसाठी बरोबर आणि दुसरीसाठी चूक ठरला असता. सहकाऱ्यालाही हे सांगितले. आता पूर्णांकनाचा त्याचा बदल आधी मुख्य ब्रँचमध्ये जाईल आणि माझी ब्रँच त्यावरून निघेल. माझ्या नोंदीला मी तशी वाटही पाहायला लावली आहे.

एक शंका उरते. मध्येच ग्राहकाचा तातडीचा फोन येतो तेव्हा चालू काम अर्धवट असते, आणि दिवस संपतो तेव्हाही तसेच असते. अशा वेळी नोंद थांबवावी की चालूच ठेवावी?

पाणवठा यांचा प्रतिसाद

दोन्ही वेळा थांबवावी. ‘टास्क स्टॉप’ने कामाचे काहीच बिघडत नाही, फक्त तो एक रकाना रिकामा होतो. सुरू आणि बंद केल्याच्या वेळांचा माग नोंदीतच हवा असेल तर मांडणीच्या फाइलमध्ये ‘जर्नल डॉट टाइम’ हा पर्याय चालू करा. मग प्रत्येक सुरुवात व थांबा टिपण म्हणून नोंदीला आपोआप जोडला जातो. थांबवताना पुढचे पाऊल एका वाक्यात लिहून ठेवावे. सांजवात यांनी सुरुवातीसाठी सांगितलेले वाक्य थांबताना लिहिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते तयारच असते.

तातडीच्या कामासाठी अर्धवट बदल ‘गिट स्टॅश’ या तात्पुरत्या साठ्यात कोंबण्यापेक्षा ‘गिट वर्कट्री ॲड’ वापरून शेजारी दुसरा फोल्डर उघडा. मूळ फोल्डरमधली फाइल, उघडा एडिटर, नापास टेस्ट हे सारे जिथल्या तिथे राहते आणि तातडीची दुरुस्ती मुख्य ब्रँचच्या स्वच्छ प्रतीवर होते. ते काम पाच मिनिटांत आटोपले असेल तर त्यासाठी नोंद करून सुरू करण्याचा खटाटोपही नको; झाल्यावर ‘टास्क लॉग’ने ते थेट संपलेले म्हणून नोंदवता येते.

आणि टास्कवॉरियरची कोणती आवृत्ती वापरता ते एकदा पाहून घ्या. २०२४ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत नोंदी साध्या मजकूर-फाइलींऐवजी एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात, आणि दुसऱ्या आवृत्तीतल्या नोंदी आपोआप तिकडे जात नाहीत, त्या आयात कराव्या लागतात. नवी आवृत्ती चढवण्याआधी ‘टास्क एक्सपोर्ट’ करून सगळ्या नोंदींची प्रत बाजूला ठेवा.